बाजारातल्या रस्त्यावर सगळ्यांचं जमवायचं कसं? अनुभव हवेत

कडुनिंब

नमस्कार मंडळी, मोठं लिहिणार आहे, निवांत असाल तेव्हा वाचा.

आमच्या भागात (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, काम अजून लटकलेलं आहे) बाजाराचा एक रस्ता आहे, साडेसहाशे मीटरचा. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला बसस्टॉप, मधे दुकानं, दुकानांवर तीन-चार मजली जुन्या सोसायट्या, आणि संध्याकाळी पाचनंतर साठ-सत्तर हातगाड्या नि पथारीवाले. फूटपाथ म्हणायला आहे पण त्याच्यावर लाईटचे बॉक्स, दुकानांच्या पायऱ्या, दुचाक्या. मागच्या पावसाळ्यात माझी आई फूटपाथ सोडून रस्त्यावरून चालत होती, स्कूटीचा धक्का लागला आणि मनगट मोडलं. तेव्हापासून मी यात पडलोय.

रस्ता नव्याने करायला निधी आलाय, ड्रॉइंग पण तयार आहे. मग "नागरिकांशी चर्चा" म्हणून मीटिंग लावली, मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता, हॉलमध्ये, प्रोजेक्टर लावून. दुकानदार संघटना आली, तीन सोसायट्यांचे चेअरमन आले, आम्ही पाचसहा जण. दुकानदार म्हणाले पार्किंग गेलं तर धंदा बसेल, सोसायटीवाले म्हणाले आधी हातगाड्या हटवा मग बोला, एक आजोबा उठून म्हणाले मला बसस्टॉपपर्यंत नीट चालता येऊ दे बाकी काही करा, आणि त्यांना कुणी उत्तरच दिलं नाही. दीड तास आरडाओरडा, शेवटी पालिकेचे साहेब म्हणाले सूचना लेखी द्या आणि संपलं.

त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींकडे हार घ्यायला गेलो आणि सहज म्हटलं, मावशी आज मीटिंगला नव्हतात. त्या म्हणाल्या, "कसली मीटिंग?" बावीस वर्षं बसतायत त्या त्या रस्त्यावर.

तर प्रश्न असा, की हे सगळे लोक एका कागदावर येतात का कधी? कुठे आलेत का? कसे आले? कुणी स्वतः केलं असेल किंवा जवळून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

जुना_नकाशा

कडुनिंब, आईंची तब्येत आता बरी असेल अशी आशा.

मी नगररचनेत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या मीटिंगमध्ये जे झालं ते मी मोठ्या प्रमाणावर कितीतरी वेळा बघितलंय आणि त्याचं मूळ माणसांच्या स्वभावात नाही, क्रमात आहे.

आपला १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा बघा. आधी प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरात पुढे कुठे काय येणार याचा मसुदा, तयार होतो, मग कलम २६ खाली राजपत्रात आणि पेपरात नोटीस, हरकती-सूचना मागवायच्या, मग कलम २८ खाली नियोजन समितीपुढे सुनावणी. समितीत पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ जास्तीत जास्त चार. कागदावर चांगलंच आहे. पण लोकांना विचारायची पाळी येते तोवर रेघा ओढून झालेल्या असतात, आणि मग माणूस येतो तो फक्त माझ्या जागेवर आरक्षण पडलंय का, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलीय का, एवढंच बघायला, आणि पडलं असेल तर ते उठवायला. शहराबद्दल बोलायला कोण येणार?

पुण्याच्या जुन्या हद्दीचा २०१३ चा प्रारूप आराखडा आठवा. ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या. एका समितीने एवढी माणसं ऐकायची म्हणजे एकेकाच्या वाट्याला किती मिनिटं आली असतील याचा हिशोब तुम्हीच करा. पुढे समितीतच दोन तट पडले, नगरसेवक सदस्यांचा अहवाल वेगळा आणि तज्ज्ञांचा वेगळा. २०१५ मध्ये सरकारने आराखडा आपल्या हातात घेतला आणि मंजुरी मिळेपर्यंत २०१७ उजाडलं. यात नुकसान कुणाचं झालं तर सगळ्यांचंच.

मुंबईत तर २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीसांना तो नव्याने करायला सांगावं लागलं, कारण वारसा इमारतींच्या, देवळा-चर्चच्या नोंदी चुकलेल्या, उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले. पण त्याच मुंबईत एक चांगली गोष्ट झाली होती तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. २०१२-१३ च्या सुमारास पालिकेने नियोजनाच्या आधीचे, म्हणजे आज जमिनीवर काय आहे याचे नकाशे लोकांसमोर ठेवले. संस्थांनी वॉर्डावॉर्डांत लोकांना ते नकाशे दाखवले आणि लोकांनी चुका काढल्या, इथे शाळा आहे ती दाखवलीच नाही, ही वस्ती इतकी जुनी आहे ती कोरी जागा दाखवली आहे. त्या कामात भांडण नव्हतं, कारण आपल्या गल्लीत काय आहे हे सांगायला कुणालाच कमीपणा वाटत नाही.

माझं सांगणं एवढंच, की ड्रॉइंग बाजूला ठेवा. आधी "आज काय आहे" याचा नकाशा सगळ्यांनी मिळून करा. रस्त्यावर उभं राहून. हॉलमध्ये नाही.

शटर_अर्धं_वर

मी दुकानदार आहे. दुसऱ्या शहरात, पण असल्याच रस्त्यावर. आमची बाजू इथे कुणी लिहिणार नाही म्हणून लिहितोय.

दुकानदार फूटपाथच्या विरोधात असतो हा गैरसमज आहे. गिऱ्हाईक चालतच दुकानात शिरतं, गाडीत बसून नाही शिरत, एवढं आम्हाला कळतं. आमची भीती वेगळी आहे. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे "४५ दिवसांत काम पूर्ण" असा बोर्ड लागला, आम्ही सह्या दिल्या, पेढे वाटले. सात महिने खड्डा होता. ड्रेनेजची लाईन नकाशात एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे निघाली, मग काम बंद, मग कॉन्ट्रॅक्टर गायब. दिवाळी त्या खड्ड्यातच गेली. माझ्या शेजारच्या साडीवाल्याने पुढच्या वर्षी दुकान विकलं. आता मला सांगा, पुढच्या वेळी कुणी ड्रॉइंग घेऊन आला तर मी ड्रॉइंग बघेन की तो खड्डा आठवेन?

तेव्हा कडुनिंब, तुमच्या दुकानदारांना "पार्किंग हवं की फूटपाथ" असं विचारू नका. त्यांना विचारा की काम कुठल्या महिन्यात चालेल, एका वेळी किती मीटर खोदलं तर चालेल, माल उतरवायला टेम्पो किती वाजता येतो. हे लिहून मिळालं तर अर्धे लोक तुमच्या बाजूला येतील. मी तरी आलो असतो.

गाळपेर

पुण्यातल्या मगरपट्टा टाऊनशिपचं उदाहरण कुणी दिलं नाही अजून, म्हणून देतो. मूळचा हडपसर भागातला आहे.

तिथे साधारण १२० शेतकरी कुटुंबांनी मिळून ४०० एकराच्या आसपास जमीन एकत्र केली, आपली स्वतःची कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. सतीश मगर यांनी पुढाकार घेतला हे सगळ्यांना माहीत आहे. पण नुसत्या पुढाकाराने होत नाही हो. शहर अंगावर येत होतं, जमीन आज ना उद्या आरक्षणात किंवा बिल्डरच्या घशात जाणार हे दिसत होतं. एकेकट्याने विकली तर एकदाच पैसे, एकत्र ठेवली तर मालकी राहते, हा हिशोब प्रत्येक घरात, बायकांनासुद्धा पटेपर्यंत परत परत बसून सांगावा लागला. ज्याच्या सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, अशा घरातून सह्या आणायच्या म्हणजे काय ते भाऊबंदकी बघितलेल्यालाच कळेल.

यातून शिकण्यासारखं एकच वाटतं मला, की तिथे कुणाला "शहरासाठी त्याग करा" असं सांगितलं नाही. प्रत्येकाचा वाटा किती हे आधी ठरलं, मग नकाशा.

भेंडीबाजार_ते_भूज

गाळपेर यांच्याशी सहमत पण एक फरक सांगते. मगरपट्ट्यात बहुतेक एकाच गोतावळ्यातली माणसं होती, जमीनदार होती. जिथे कुणाचा बंगला आणि कुणाची एक खोली, तिथे काय?

गुजरातमधल्या भूजचं उदाहरण आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तटबंदीच्या आतलं जुनं शहर कोसळलं. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की ढिगाऱ्यातून माणसं काढायला गाडी आत जाईना. मी तेव्हा आर्किटेक्चरला होते, पुढच्या वर्षी तिथे सर्व्हेच्या कामाला दोन महिने होते. रस्ते रुंद करायचे तर प्रत्येकाच्या प्लॉटमधून थोडी जागा घ्यावी लागणार, नगररचना योजनेत तसंच असतं, मूळ भूखंड जातो आणि आकाराने थोडा कमी असा अंतिम भूखंड मिळतो. आता सगळ्यांकडून सारख्याच टक्क्याने घेतली असती तर ज्याची एक खोली आहे त्याच्याकडे न्हाणीघराएवढी जागा उरली असती. म्हणून तिथे कपातीचे टप्पे केले, अगदी छोट्या प्लॉटमधून काहीच नाही, आणि प्लॉट जसा मोठा तसा टक्का वाढत जाणार. हे लोकांसमोर मांडलं, नकाशे लावले, ज्याचा त्याला आपला प्लॉट शोधून बघता येत होता.

मला आठवतंय, एक म्हातारे गृहस्थ रोज यायचे आणि नकाशावर बोट ठेवून आपलं घर शोधायचे. घर राहिलंच नव्हतं, पण नकाशात दिसलं की शांत होऊन परत जायचे. आठव्या की नवव्या दिवशी त्यांनी स्वतःहून सांगितलं की माझ्या मागच्या बोळातून पाणी जातं, तिथे रस्ता केलात तर पावसाळ्यात तुंबेल. त्या बोळाची खूण आमच्यापैकी कुणाच्याच सर्व्हेत नव्हती.

मोठ्या प्लॉटवाल्यांनी कुरकुर केली नाही असं नाही, केली. पण छोट्यांना का सोडलं हे त्यांनाही दिसत होतं. शेजारीच राहत होते ना ते.

पथारी

वरचं सगळं वाचलं. मी पथविक्रेत्यांच्या संघटनेत काम करतो. कडुनिंब, फुलवाल्या मावशींना मीटिंगचं माहीतच नव्हतं हे तुम्ही हळहळ म्हणून लिहिलंत, मी त्याला नियमाचा प्रश्न म्हणतो.

२०१४ चा पथविक्रेता कायदा आहे केंद्राचा. शहरात नगर पथविक्रेता समिती असायला हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. दर पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. म्हणजे तुमच्या रस्त्यावरच्या साठ-सत्तर लोकांना वगळून ड्रॉइंग केलं तर उद्या ते कोर्टात टिकणार नाही, हे सोसायटीच्या चेअरमन साहेबांनाही नम्रपणे सांगा. धमकी म्हणून नाही, त्यांचाही वेळ वाचेल म्हणून.

आणि वेळ. भाजीवाला पहाटे चारला मार्केट यार्डात असतो, सकाळी साडेअकराला तो माल लावत असतो, संध्याकाळी धंदा. त्याला मोकळा वेळ एकच, दुपारी दोन ते चार. त्यातही बायका घरी जाऊन स्वयंपाक करून येतात. हॉलमध्ये बोलावलंत तर खुर्चीवर बसणार नाहीत, मागे भिंतीला टेकून उभ्या राहतील आणि एक शब्द बोलणार नाहीत. त्यांच्या गाडीपाशी जाऊन बसा.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे हा प्रयोग अख्ख्या राज्याच्या पातळीवर झालाय, चांगला आणि दुखरा दोन्ही.

प्रादेशिक आराखडा २०११, म्हणजे २०११ सालापर्यंतचा, आला २००६ मध्ये. डोंगर, शेतं, सगळं वसाहतीला खुलं केलेलं लोकांनी नकाशावर बघितलं आणि गोवा बचाव अभियान उभं राहिलं. जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. मग २०२१ चा आराखडा करताना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्यात होते तो टास्क फोर्स बसला, आणि यावेळी मसुदा गावागावांत पाठवला, पंचायतींकडे, ग्रामसभांमध्ये. आमच्या गावात तीन ग्रामसभा झाल्या त्यावर. खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतं) कुठे, झरी कुठे, देवराई कुठे, कुठल्या डोंगरावर पाणी धरतं, हे म्हाताऱ्यांनी सांगितलं आणि पोरांनी नकाशावर खुणा केल्या. माझे वडील कधी ग्रामसभेला जात नसत, ते तिन्ही सभांना गेले.

दुखरा भाग असा, की पुढे अंतिम नकाशे आले तेव्हा आमच्या काही खुणा त्यात सापडल्या आणि काही नाही सापडल्या, आणि का नाही याचं उत्तर द्यायला कुणी परत गावात आलं नाही. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि आराखडा स्थगित झाला. आता ग्रामसभेला बोलावलं तर वडील म्हणतात, गेल्या वेळी सांगितलं होतं सगळं, ते कागद शोधा आधी.

म्हणून कडुनिंब, लोकांना विचारलंत तर परत जाऊन सांगायचं, तुमचं हे घेतलं, हे नाही घेतलं, या कारणाने. नाही घेतलं असं तोंडावर सांगितलेलं माणूस सहन करतो. आपलं म्हणणं कुठे गेलं तेच कळलं नाही, हे नाही सहन होत.

औसेकर

मांडवीकाठ, अगदी. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) आमच्या भागात ५२ गावं नव्या जागी बसवली. काही ठिकाणी सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते, नकाशात देखणं. पण जुन्या गावात वाडा, ओसरी, गल्लीत बसायची जागा, ते नव्या रांगांमध्ये बसलं नाही. शेत लांब गेलं ते वेगळंच. आमची आत्या नवीन घराच्या मागे पत्रे टाकून त्यात राहायची, पुढचं पक्कं घर धान्य ठेवायला.

पण ज्या गावांमध्ये घरं दुरुस्त करायची होती तिथे संवाद सहायक म्हणून गावातल्याच बायका नेमल्या होत्या. त्या घरोघर जायच्या, पैशाचा हप्ता कधी, भिंत कशी बांधायची, इंजिनिअर काय म्हणाला, हे सांगायच्या आणि घरातलं म्हणणं इंजिनिअरला सांगायच्या. इंजिनिअरशी गावातली बाई बोलत नसे, पण संवाद सहायक तिच्याच महिला मंडळातली, तिच्यापाशी सगळं बोलायची. कडुनिंब, तुमच्या रस्त्यावर अशी कोण आहे ती शोधा. मला वाटतं तुम्ही तिच्याकडून हार घेता.

विटकर७१

सगळं छान आहे पण मला पटत नाही. दोनशे माणसांचं एकमत होत नसतं. कुणीतरी ठामपणे ठरवायचं आणि करायचं, नंतर लोक सवय करून घेतात. नाहीतर तुमच्या आईसारखे अजून दहाजण पडतील तोवर चर्चाच चालू.

जुना_नकाशा

विटकर, तुमची कळकळ समजते. मीही तरुणपणी असाच होतो आणि एक रस्ता असाच ठामपणे करून घेतला होता. दोन वर्षांत फूटपाथवर पायऱ्या परत बांधल्या गेल्या, बोलार्ड (गाड्या चढू नयेत म्हणून लावलेले खांब) उपटले गेले, आणि कुणीच तक्रार केली नाही कारण तो रस्ता कुणाचाच नव्हता, माझा होता. आणि माझी बदली झाली.

एकमत हवंच असं नाही. "मला हे आवडलेलं नाही पण मी आडवा येणार नाही" इथपर्यंत माणूस आला तरी काम टिकतं.

कडुनिंब

मंडळी, तीन आठवड्यांनी परत लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत त्याचे आभार कसे मानू कळत नाही. काय झालं ते सांगतो.

जुना_नकाशा काकांचं ऐकून ड्रॉइंग घरीच ठेवलं. रविवारी सकाळी साडेसहाला जमलो, मोजपट्टी, खडू आणि वही. मी पंधरा जण धरून चाललो होतो, एकवीस आले. दुकानदार संघटनेचे सेक्रेटरी आले, कारण त्यांना फोन करताना शटर_अर्धं_वर यांनी लिहिलेलंच विचारलं, की टेम्पो किती वाजता येतो. फुलवाल्या मावशींना आदल्या दुपारी त्यांच्या जागेवर बसून सांगितलं होतं, त्या चार जणींना घेऊन आल्या.

ड्रॉइंगमध्ये रस्ता सगळीकडे १५ मीटर आहे. शाळेपाशी आम्ही १४.२० मोजला, पिठाच्या गिरणीपाशी ११.६०. सोसायटीचे चेअरमन पट्टीचं दुसरं टोक धरून उभे होते, ते म्हणाले परत मोजा. परत तेवढाच आला. म्हणजे इतके दिवस आम्ही भांडत होतो तो रस्ता अस्तित्वातच नव्हता. चालायला मोकळी जागा किमान १.८० मीटर हवी असं रस्त्यांच्या मानकात आहे, ती खडूने आखली आणि सगळे त्या पट्ट्यातून चाललो. आजोबा काठी घेऊन पुढे.

मग सेक्रेटरींनीच सुचवलं की दुचाक्या मोजू. सोमवारी त्यांच्याच दुकानातल्या मुलाने नंबर लिहून घेतले, सकाळी अकराला ५८ गाड्या, दुपारी दोनला परत बघितलं तर त्यातल्या ३७ तिथेच. गिऱ्हाईक तीन तास थांबत नाही. त्या गाड्या दुकानांच्या स्वतःच्या आणि कामगारांच्या होत्या. मी बोललो असतो तर भांडण झालं असतं, पण आकडे त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात होते. बसस्टॉपमागे देवळाच्या ट्रस्टची मोकळी जागा आहे, कामगारांच्या गाड्यांसाठी तिथे विचारायला सेक्रेटरी स्वतः जाणार आहेत.

जमलेलं असं: माल उतरवणं सकाळी दहाच्या आत, खोदकाम एका वेळी ऐंशी मीटरच्या पुढे नाही आणि गणपती ते दिवाळी अजिबात नाही, हातगाड्यांची जागा फूटपाथच्या रस्त्याकडच्या बाजूला आखून, मागे चालायची पट्टी मोकळी. पथारी यांनी सांगितलेला कायदा मी चेअरमनना वाचून दाखवला. ते खूश नाहीत. पण म्हणाले, त्यांच्या गेटसमोरचे दहा मीटर सोडा, बाकी मी अडवणार नाही. हे सगळं लेखी देऊन आलोय, पोच घेतली, आणि त्याची एकेक प्रत प्रत्येक गाडीवर आणि दुकानात दिली. मांडवीकाठ, तुमच्या वडिलांची आठवण ठेवून दिली.

न जमलेलं: शाळेसमोरचे चाळीस मीटर. तिथे रिक्षावाले काका, व्हॅनवाले, पालक, वडापावची गाडी, सगळ्यांना तीच जागा तीच दहा मिनिटं हवी आहे. तिथे खडूने काय आखायचं ते अजून सुचलेलं नाही.

भेंडीबाजार_ते_भूज

वाचून खूप बरं वाटलं. शाळेसमोर पक्कं काही करू नका आत्ता. पुण्यात औंधला २०१६ मध्ये डीपी रोडवर आधी तात्पुरती मांडणी करून ट्रायल घेतली होती, तसं करा, कोन आणि दोरी लावून पंधरा दिवस. आणि मुलांना विचारलंत का? कुठून येतात, कुठे भीती वाटते, चौथी-पाचवीची मुलं नकाशावर फार अचूक दाखवतात.

कडुनिंब

मुलांना विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. शाळेतल्या बाईंना उद्या भेटतो. पुढची बैठक गुरुवारी दुपारी दोन वाजता, मावशींच्या जागेवर. व्हॅनवाल्यांना मावशीच निरोप देणार आहेत, त्यांची मुलगी त्याच व्हॅनने जायची.